बैठकीचं माप

तो मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या स्टिकमधलं, म्हणजे फायटिंग गेम खेळायच्या लिव्हर-बटणांच्या खोक्यातलं, बदलण्यासारखं सगळं बदलून झालं होतं. आधीच्या दुरुस्तीवाल्याने लिव्हरची स्प्रिंग बदलली होती, त्याच्या आधीच्याने चारही मायक्रोस्विच. कुणीतरी सर्किट बोर्डवरचे सांधे पुन्हा सोल्डर केले होते, तेही चांगले, चकचकीत. तरी तक्रार तीच. स्ट्रीट फायटर सिक्स या गेममध्ये डावीकडच्या बाजूने खेळताना फायरबॉल, म्हणजे समोरच्यावर फेकायचा आगीचा गोळा, निघत नाही. उजवीकडून खेळताना प्रत्येक वेळी निघतो.

सोबत आजोबा होते. दांडिया बाजारात राहतात, पेटी शिकवतात. स्टिक सेकंडहँड घ्यायला पैसे त्यांनीच दिले होते. "ताई, दुरुस्त होत नसेल तर तसं सरळ सांगा. विकून टाकू. पोरगं रात्री जागून तेच तेच करतं आणि चिडतं," एवढंच बोलून ते खुर्चीवर बसले.

रावपुऱ्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. फायटिंग गेमच्या स्टिक बनवणं, जुन्या सुधारणं, पॅडवर खेळणाऱ्याला पहिल्यांदा लिव्हर हातात देणं, हे माझं काम. बडोद्यात असं गिऱ्हाईक किती असणार असं लोकांना वाटतं, पण अहमदाबाद, सुरत, आणंद इथूनही मुलं येतात. लाहोरच्या अर्सलान ॲशने २०१९ मध्ये टेक्कन या फायटिंग गेममध्ये जपानची आणि लास वेगासची अशा दोन्ही एव्हो स्पर्धा जिंकल्या. आपल्यासारख्याच शहरातला, आपल्यासारख्याच घरातला मुलगा तिथवर जातो हे तेव्हा इकडच्या पोरांनी पाहिलं. पुढे हांगझोच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटरला पदकं होती. हा मुलगा त्या पिढीतला.

फायरबॉलचं गणित इथे सांगायलाच हवं. डावीकडून खेळताना खाली, खाली-उजवी, उजवी, आणि त्याबरोबर पंचचं बटण; उजवीकडून खेळताना उजवीच्या जागी डावी. लिव्हरच्या खालच्या टोकाभोवती चार स्विच असतात. दांडा कलला की एक दाबला जातो, तिरका कलला की शेजारचे दोन. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, या गतीने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. 'उजवी'च्या एक-दोन फ्रेम आधी पंच पडला तर गेमला फायरबॉल दिसतच नाही, बसून मारलेला ठोसा दिसतो. समोरचा उडी मारून येतो आणि शिक्षा देतो.

मी मल्टिमीटर लावला. चारही स्विच खणखणीत. लिव्हरच्या वायरींची पाच पिनांची जोडणी हलवून पाहिली, वायर वाकवून पाहिली. काही नाही. स्टिक टेबलावर ठेवून पीसीला जोडली, गेमच्या सरावाच्या मोडमध्ये इनपुटची पट्टी, म्हणजे दाबलेली प्रत्येक दिशा आणि बटण क्रमाने दाखवणारी यादी, चालू केली आणि मुलाला म्हटलं, खेळ. खुर्चीत बसून त्याने डावीकडून फायरबॉल टाकले. एकही चुकला नाही. त्याचा चेहरा मात्र आणखी पडला. "इथे नेहमी चालतं ताई. त्या दोघांकडेही चाललं होतं. घरी गेलं की बंद."

दुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य फार वेळा कानावर पडतं आणि दुरुस्तीवाला बहुतेक वेळा मनात म्हणतो, याचा हातच कच्चा आहे. मला तसं म्हणवेना, कारण हात कच्चा असता तर दोन्ही बाजूंनी कच्चा असता. ज्याचा फायरबॉल डाव्या दिशेला निघतो आणि उजव्या दिशेला अडतो, त्याच्या घरी काहीतरी एका दिशेचं आहे.

"घरी कसा बसतोस?" मी विचारलं.

"खाली. मांडीवर घेऊन."

आजोबांनी भर घातली. घर म्हणजे वाड्यातली एक मोठी खोली, मॉनिटर बुटक्या कपाटावर, संध्याकाळी तिथेच सतरंजी टाकून त्यांची शिकवणी. खुर्ची-टेबलाला जागा नाही, आणि सवयही नाही. मी कोपऱ्यातली चटई अंथरली, मॉनिटर उचलून स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, घरी बसतोस तसाच बस, काही सुधारू नकोस.

तो बसला. उजवं पाऊल डाव्या पोटरीखाली, त्यामुळे डावा गुडघा वर, उजवा खाली. स्टिक दोन्ही मांड्यांवर आडवी. पहिला फायरबॉल गेला. दुसऱ्याच्या जागी बसका ठोसा. मग पुन्हा ठोसा. पट्टीवर स्वच्छ दिसत होतं: खाली, खाली-उजवी, पंच, आणि त्यानंतर उजवी. 'उजवी' येत होती, पण उशिरा.

मी पट्टीकडे बघत होते. आजोबा पट्टीकडे बघत नव्हते, त्यांना त्यातलं काही कळतही नव्हतं. ते नातवाच्या मांडीकडे बघत होते.

"अहो, याची पेटी हलतेय," ते म्हणाले. "माझी अशी हलली तर मी भाता कुठून मारू?"

मी खाली वाकून बघितलं. खरंच. खाली-उजवीकडून उजवीकडे दांडा नेताना सगळी स्टिकच उतारावरून उजव्या मांडीकडे सरकत होती. फार नाही, सहज नजरेत न येणारं. पण लिव्हरला आपला हात किती सरकला ते कळत नाही. दांडा स्वतःच्या खोक्याच्या तुलनेत किती कलला तेवढंच त्याला कळतं. दांड्याच्या टोकावरचा गोळा काही मिलिमीटर सरकला की स्विच लागतो. तेवढ्यातले थोडे खोक्यानेच हातासोबत जाऊन खाल्ले तर स्विच उशिरा लागणार. डावीकडे ढकलताना खोक्याला चढ चढावा लागे, म्हणून ते जागचं हलत नसे आणि इनपुट वेळेवर येई. सावकाश चालताना, दांडा धरून ठेवल्यावर, काहीच बिघडलेलं दिसत नसे. झपाट्यातच फ्रेम हुकायच्या.

मी चटईवर त्याच्या समोर बसले आणि दोन्ही हातांनी स्टिक त्याच्या मांड्यांवर घट्ट दाबून धरली. "आता टाक." फायरबॉल, फायरबॉल, फायरबॉल. हात सोडले. ठोसा. पुन्हा धरले. फायरबॉल. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि स्टिक बाजूला ठेवून तो हसायलाच लागला. इतके दिवस तो स्वतःच्या मनगटाला दोष देत होता.

यात कुणा कारागिराची खोट नव्हती. लिव्हर आणि बटणांची ही मांडणी आर्केडच्या कॅबिनेटवर घडली. स्ट्रीट फायटर टू १९९१ मध्ये आला, तेव्हा लोक उभ्याने किंवा बुटक्या स्टुलावर बसून खेळत, आणि समोरचं कॅबिनेट दोघांनी ढकललं तरी हलत नसे. लिव्हर बनवणाऱ्याने खोकं स्थिर आहे हे धरूनच चाललेलं असतं. तोच लिव्हर दोन-तीन किलोच्या खोक्यात घालून घरी आणला, तरी टेबलावर किंवा खुर्चीतल्या सपाट मांडीवर निभावतं. आपल्या मांडी घालून बसण्याचा विचार त्यात कुठेच नाही.

आधी सोपा उपाय करून पाहिला. खालून रबरी जाळीची मॅट चिकटवली. रबर खोक्याला धरून राहिलं, पण पँटच मांडीवर सरकली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

मग आजोबांनी सांगायला सुरुवात केली आणि मी वही काढली. त्यांच्या लहानपणी नाटकमंडळींबरोबर पायपेटी असायची, वादक खुर्चीवर बसून पायांनी भाता हलवायचा. मूळ हार्मोनियम तसलंच, पॅरिसच्या अलेक्झांद्र दब्यँने १८४२ मध्ये पेटंट घेतलेलं. इथे गायक-वादक बैठकीवर बसणारे; पाय मोकळे कुठून असणार? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे नेऊन हाताला दिला आणि पेटी जमिनीवर आली. आजोबांना नाव-गाव आठवत नव्हतं, ते मी नंतर वाचलं. त्यांना आठवत होतं ते कामाचं: पेटी मांडीवर घेत नाहीत, समोर ठेवतात, भात्याच्या झटक्याने सरकू नये म्हणून खाली सतरंजीची घडी घालतात, आणि शिष्य लहान असला की पेटी तीच राहते, आसन बदलतं. "आसन बदलायचं नसेल तर पेटी बदला," ते म्हणाले.

तिथेच, चटईवर, मापं घेतली. मुलाला मॉनिटरकडे बघत बसवलं, खांदे सैल सोडायला लावले. जमिनीपासून कोपर २३ सेंटिमीटर. वरचा गुडघा १५. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत बाहेरून ६२. म्हणजे गुडघ्यांवरून जमिनीवर उभ्या राहणाऱ्या नव्या स्टिकचा, या पेटीचा, माथा २३ वर हवा, गुडघ्यावर एक सेंटिमीटर मोकळं सोडायचं, आणि उरलेल्या ७ सेंटिमीटरांत लिव्हर, वायरी, बोर्ड सगळं बसवायचं. जपानी सान्वा कंपनीचा लिव्हर पॅनेलखाली तेवढ्यात मावतो. कागदावर दोन्ही पंजे ठेवून पेन्सिलीने रेखले. मांडी घातली की कोपरं खुर्चीतल्यापेक्षा जास्त फाकतात, म्हणून लिव्हर आणि पहिल्या बटणातलं अंतर मी पाच सेंटिमीटरांनी वाढवलं. मनगट सरळ राहिलं. बटणं नेहमीचीच, ३० मिलिमीटरची, पण करंगळीचं बटण रेखलेल्या पंजाप्रमाणे खाली घेतलं.

पुढचं काम नेहमीचं. जुन्या बाजारातून सागवानाच्या फळ्या आणल्या. मकरपुरा जीआयडीसीत तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक लेझरने कापून घेतलं. बाजूच्या फळ्या जमिनीपर्यंत उतरवल्या, आतून ६६ सेंटिमीटर रुंद, गुडघे सहज आत जातील अशा, तळाला जाड रबरी बूट. आमचे सुतारकाका फळ्या रंधताना दोनदा थांबून म्हणाले, "बेन, आ टेबल छे के पेटी?" मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आणि त्यात स्टिक चालवणारं जीपी२०४०-सीई हे मुक्त सॉफ्टवेअर. मुलगा पीसीवर खेळतो म्हणून कन्सोलच्या ओळखपरेडीची कटकट नव्हती. पीएस४ हा कन्सोल परवान्याची चिप नसलेला बोर्ड आठ मिनिटांनी नाकारतो आणि तिथे वेगळी सोय करावी लागते.

एका जागी मी जास्त वेळ दिला, तो लिव्हरच्या खालच्या गेटला, म्हणजे दांडा कुठवर जाईल ते ठरवणाऱ्या चौकटीला. सान्वासोबत चौकोनी गेट येतो. दांडा कोपऱ्यात जाऊन टेकतो आणि तिरपी दिशा हाताला कळते. या मुलाने सरकत्या खोक्यावर खेळून खेळून दांडा पार टोकापर्यंत दामटायची सवय लावून घेतली होती, कारण त्याशिवाय स्विच लागायचाच नाही. स्थिर पेटीवर तो जोर वाया जाणार, आणि परत यायला वेळ लागणार. मी आठकोनी गेट लावून दिला, चौकोनीही डब्यात घालून दिला आणि सांगितलं की महिनाभर यावर खेळ, मग हाताला काय हवं ते हातालाच विचार. स्प्रिंग मात्र एक पायरी मऊ टाकली.

पेटी पोचवायला मी स्वतः गेले. शिकवणी नुकतीच सुटली होती, सतरंजी तशीच होती. मुलगा बसला, गुडघे आत गेले, कोपरं टेकली. आजोबांनी समोर बसून पेटीच्या दोन्ही कडा धरून हलवून पाहिल्या, नवी हार्मोनियम घेताना बघतात तशा, आणि मग डाव्या फळीचा खालचा कोपरा किंचित टेकत नाही हे त्यांच्याच लक्षात आलं. फरशी उंचसखल होती. बुटाखाली पातळ रबर घालून पेटी मी तिथेच सरळ केली. मग त्याने खेळायला घेतलं. डावीकडून फायरबॉल, उजवीकडून फायरबॉल. पट्टीवर 'उजवी' आणि पंच एकाच ओळीत. उडी मारून येणाऱ्याला खालून मारायचा फटका लिव्हरला झेड काढायला लावतो. तो त्याने आधी सोडूनच दिला होता, तोही निघायला लागला. आजोबा म्हणाले, "आता लय बसली," आणि आत चहा सांगायला गेले.

एक अडचण राहिलीच होती. स्पर्धेला गेलं की खुर्ची आणि टेबल मिळतं, तिथे हे उंच प्रकरण चालणार नाही. म्हणून बाजूच्या फळ्या मी कायमच्या ठोकल्या नव्हत्या. दर बाजूला दोन सहा मिलिमीटरचे बोल्ट आणि विंग नट. फळ्या काढल्या की सात सेंटिमीटरची साधी स्टिक उरते, लिव्हर-बटणांची मांडणी तीच. पहिल्यांदा काढायला मुलाला बराच वेळ लागला, बोल्ट फळीत घट्ट बसले होते. मी भोकं अर्धा मिलिमीटर मोठी करून आतून पितळी बुश घातले.

आता कुणीही स्टिक घेऊन आलं की मी आधी चटई टाकते. कोपर, गुडघा आणि गुडघ्यांमधलं अंतर, तीन मापं. कुणाला घरी करून पाहायची असेल तर पेटीची जाडी आधी ठरवू नका. गुडघ्यावर किती जागा उरते ते मोजा आणि त्यात बसेल असा लिव्हर निवडा. मागच्या आठवड्यात आणंदहून एक मुलगी आली होती, ती भिंतीला टेकून पाय लांब करून खेळते. तिच्यासाठी फळ्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंना उतरवायच्या आहेत आणि माथा स्वतःकडे किंचित कलता हवा आहे. किती कलता, ते सुतारकाका आणि मी पुठ्ठ्याच्या पेटीवर ठरवतोय.