"मॅडम, तो कोड मीच दिला"

शाळा सुटली होती. मी संगणक कक्षातली मशीन बंद करत होते, तेवढ्यात आठवीतली एक मुलगी दारात येऊन थांबली. आत येईना, जाईना. शेवटी म्हणाली, "मॅडम, तो कोड मीच दिला."

तिला मैत्रिणीच्या खात्यावरून मेसेज आला होता: 'एका स्पर्धेत मला मत दे ना. तुला सहा आकडी कोड येईल, तो लगेच पाठव.' हिने पाठवला आणि दोन मिनिटांत खात्यातून बाहेर फेकली गेली. मैत्रिणीचं खातं आधीच दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं होतं. कोडही मतदानाचा नव्हता, हिचा पासवर्ड बदलायला त्याने मागवलेला होता. 'हा कोड कोणालाही देऊ नका' असं त्यात लिहिलेलंही होतं. पण मागणारी मैत्रीण असेल, तर तिला 'कोणालाही'मध्ये कोण धरतं?

तीन दिवस तिने घरी सांगितलं नव्हतं. का, तर मोबाइल काढून घेतील. तेवढ्या वेळात तिच्या नावाने वर्गातल्या आणखी मुलींकडे कोड मागून झाले होते. मला राग आला तो तिचा नाही. चोरापेक्षा आपल्या माणसांची भीती तिला जास्त वाटली, याचा आला.

आम्ही दोघी तिथेच बसलो. आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंक ईमेलवरच येतात. मग खातं परत मिळवलं, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं. सेटिंग्ज उघडून बघितल्या, तर त्याने स्वतःचा एक ईमेल पत्ता जोडून ठेवलेला! तो राहिला असता तर पठ्ठ्या पुन्हा आत आला असता. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू केलं.

पासवर्ड मात्र तिने सगळीकडे एकच ठेवला होता. तिला मी रॉकयूची गोष्ट सांगितली. 2009 मध्ये त्या कंपनीचे 3 कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे, साध्या अक्षरांत साठवलेले होते आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडला तो 123456. अशा याद्या चोरांच्या हाती लागल्या की तेच ईमेल, तेच पासवर्ड ते दुसऱ्या साइटवर लावून बघतात. हे काम प्रोग्रॅम करतो, तो दमत नाही.

"पण मॅडम, मी साइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बघते की," ती म्हणाली. हा गैरसमज मोठ्यांचाही असतो. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कुणी तुमची माहिती वाचू शकणार नाही. पलीकडे कोण बसलंय, ते कुलूप सांगत नाही. फसव्या साइटलाही ते मिळतं. म्हणून तिला पत्ता वाचायला शिकवलं: सुरुवातीचं https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेपर्यंत जायचं आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. ओळखीचं नाव नुसतं सुरुवातीला चिकटवलेलं असेल, तर ती साइट त्यांची नव्हे.

हे तिला पाच मिनिटांत जमलं. घरी सांगणं जमेना. मग तिच्यासमोरच मी तिच्या आईला फोन लावला, झालेलं सगळं सांगितलं आणि आवाज स्पीकरवर टाकला. आईंनी पहिलं विचारलं, "ती रडत नाहीये ना?"