मैदानात तो, मशीनवर मी

आमच्या जिममधी कोपऱ्यात एक रोइंग मशीन हाय, बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं, पोरं त्याच्यावर टॉवेल वाळू घालतेत. लातूरात होडीचं काय काम म्हणा, २०१६ ला तर प्यायचं पाणीच मिरजेहून रेल्वेनं आलं होतं.

मामाचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करायलाय. वजन ५८ किलो, १६०० मीटरला मला असा मागं टाकतो की बघणारे हसतेत. मी ९२. गेल्या महिन्यात मशीनवर २००० मीटरची पैज लागली अन् मी जिंकलो, शेवटी डोळ्यासमोर काजवे चमकले ते सोडा. तो म्हणला दादा तुमच्या हातात जोर हाय, मी पण चार दिवस कॉलर टाईट करून फिरलो.

मग वाचलं तर हाताचं काम थोडंच हाय राव. मुख्य जोर पायाचा, अन् २००० मीटरला लागणारी पाऊण ताकद तर ऑक्सिजनवरच निघती. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतंय त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतेत. धरा त्याचा किलोमागं ५५ मिली, माझा ४०. पळताना आपलं ओझं आपल्यालाच न्यायचंय म्हणून तो पुढं. मशीनवर ओझं सीटवर, तिथं एकूण लिटर बघायचे, त्याचे ३.२ अन् माझे ३.७, खेळ खल्लास. बायको म्हणली, पोट कामी आलं म्हणा की. तसं नसतंय, चरबी कुठं ऑक्सिजन ओढती, पण घरात कोण वाद घालणार. खऱ्या पाण्यात जड माणसानं होडी जास्त बुडती, तिथं वजन इतकं फुकट पण नाही. अन् जगातल्या वरच्या गड्यांचे ६ लिटरच्या पुढं असतेत, आपण कुठं!

आपला दत्तू भोकनळ बघा, चांदवडकडचा, विहिरी खोदायचा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात आलं अन् रिओ ऑलिम्पिकमधी १३ वा. ते पण २०१६ च, आपल्याकडं रेल्वे आली तेच साल.

आता मी मशीनचं ओढणं जड-हलकं करायचा दांडा १० वर टाकून ओढायचं सोडलंय, ती ताकद नाही, सायकलचा गिअर हाय नुसता. पाऊण तास हळूच, बोलता येईल इतकंच, त्यानंच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतंय म्हणे. लई बोअर होतंय पण.

तिकडं पोरगा वजन वाढवायचं म्हणून रोज सहा अंडी खायलाय. म्हणलं बाबा, आधी भरती हो, मग खा.