जुन्या मल्टीमीटरमधील मेमरीची बॅटरी बदलताना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते आणि मालवणच्या होड्यांवरील वायरलेस संच व फिश फाइंडर त्याच दिवसांत माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्या कामात मी ज्याच्या आकड्यावर विसंबतो, तो 1980 च्या दशकातील एचपी कंपनीचा 3478ए हा साडेपाच अंकी, म्हणजे अगदी बारीक फरकही दाखवणारा, मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट व रेझिस्टन्स मोजणारे उपकरण) आहे. त्याच्या बोर्डवर तीन व्होल्टचा एक लिथियम सेल सोल्डर केलेला असतो आणि मीटरच्या अचूकतेची सारी भिस्त त्या सेलवर असते.

या मीटरच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्याचे माप बिनचूक ठेवणाऱ्या दुरुस्तीचे, आकडे एका लहानशा रॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत) साठवलेले असतात आणि मीटर बंद असताना ती रॅम या सेलवरच तग धरते. सेल संपला की आकडे पुसले जातात. ते पुन्हा भरायचे, तर खात्रीचे व्होल्टेज, करंट व रेझिस्टन्सचे स्टँडर्ड असलेली प्रयोगशाळा गाठावी लागते. सेलचे व्होल्टेज मोजून निश्चिंत होणे मला योग्य वाटत नाही, कारण लिथियम सेल आयुष्याच्या जवळजवळ अखेरपर्यंत तेच व्होल्टेज दाखवतो आणि मग झपाट्याने कोसळतो. सेल मूळचाच असेल, तर तो बदलावा.

खरे काम मात्र सोल्डरिंगच्या आधीचे आहे. जीपीआयबी पोर्टमधून, म्हणजे मीटर संगणकाला जोडण्याच्या जोडणीतून, ही रॅम वाचता येते. तिच्यात चार-चार बिटांच्या 256 नोंदी असतात. त्या दोनदा वाचून, दोन्ही फाइली ताडून संगणकावर जपाव्यात. पुढे काही बिघडलेच, तर समोरचा कॅलिब्रेशनचा स्विच चालू करून त्याच नोंदी परत लिहिता येतात.

सेल बदलताना मी मीटर चालू ठेवतो, म्हणजे रॅमला मीटरच्या पॉवर सप्लायमधून वीज मिळत राहते. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने तो यूपीएसवरच असावा. सोल्डरिंग आयर्न तापवून, प्लग काढून, मगच टोक सेलच्या टॅबला (धातूच्या पट्टीला) लावावे, कारण टोक अर्थला जोडलेले असेल किंवा त्यातून गळती होत असेल, तर रॅममधील आकडे बिघडू शकतात. झाकण उघडे असताना मेनच्या, म्हणजे भिंतीतील प्लगवरून येणाऱ्या विजेच्या, बाजूला हात जाता कामा नये.

होल्डर बसवण्याचा मोह होतो, पण खाऱ्या हवेत स्प्रिंगचे संपर्क गंजतात. म्हणून टॅब असलेला सेलच सोल्डर करावा. चार्ज होणारा सेल इथे चालत नाही. राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेला पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, कारण दमट हवेत त्यातूनही करंट गळतो आणि सेल लवकर उतरतो. हे काम मी डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत करतो.

शेवटी रॅम पुन्हा वाचून आधीच्या फाइलशी ताडावी आणि सेलवर महिना व वर्ष लिहून झाकण लावावे.