नवी सेडान: आधी चिखलदरा, मग समृद्धी

नागपुरात नवी गाडी शोरूमबाहेर पडली की टेकडी गणपतीला हात जोडले जातात, चाकाखाली लिंबू फुटतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आता हिला शिर्डीला नेऊन आणू.’ समृद्धी महामार्ग दाराशी आलाय, सकाळी निघालं की दुपारी दर्शन. पण गाडी अगदी कोरी असेल तर हा बेत जरा पुढे ढकलावा. पहिली लांब फेरी चिखलदऱ्याची करावी आणि शिर्डी पहिल्या सर्व्हिसिंगनंतर.

कारण इंजिनात आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसायच्या तर पहिल्या हजार किलोमीटरमध्ये इंजिनावरचा भार सतत कमी-जास्त व्हावा लागतो. समृद्धीवर वरच्या गिअरमध्ये तासन्‌तास एकच आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) राहतो, नव्या इंजिनाला नेमकं तेच नको असतं. अमरावती रोडवर गावं आहेत, उड्डाणपूल आहेत, ट्रक आहेत, टोलनाके आहेत, पुढे घाट आहे. गिअर आपोआप वर-खाली होत राहतात. पेट्रोल गाडी असेल तर आरपीएमचा काटा ३,००० ते ३,५०० च्या आत ठेवावा, पॅडल तळाला टेकवू नये. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: मायलेजच्या हौसेपायी ४० च्या वेगाला पाचवा गिअर टाकला की इंजिन घुरघुरतं, अंग थरथरतं. तसं झालं की लगेच एक गिअर खाली यावं. नवे टायर आणि ब्रेक पॅडसुद्धा पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण पकड देत नाहीत, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवावं.

निघण्याच्या आदल्या दिवशी पहिलं काम टायरमधल्या हवेचं. कारखान्यातून येताना आणि यार्डात उभ्या गाड्यांमध्ये हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. डिलिव्हरीच्या गडबडीत ती कमी करायची राहून गेली की गाडी ४० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उड्या मारत चालते आणि मालकाला वाटतं सस्पेन्शनच कडक आहे. बरोबर आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तिथे बहुधा दोन रकाने असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. पाच जण आणि बॅगा असतील तर दुसरा रकाना पाळायचा. हवा सकाळी, टायर थंड असताना, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर बघायची. त्याच वेळी स्टेपनीतही हवा भरून घ्यावी. महागड्या मॉडेलला चार अलॉय आणि स्टेपनी मात्र लहान लोखंडी, असं अनेकदा असतं. त्यावर ८० च्या वेगमर्यादेचं स्टिकर असेल तर ती मर्यादा खरोखर पाळायची.

सेडानचा खरा नाजूक भाग पोट. या वर्गातल्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, कागदावर १६५ ते १८० मिलिमीटर असतो, पण तो रिकाम्या गाडीचा. मागे तीन मोठी माणसं बसली आणि पाचशे लिटरची डिकी भरली की मागचा भाग चांगलाच बसतो. नागपुरात याचा पहिला प्रत्यय गल्लीतच येतो, कारण सिमेंट रोड आणि शेजारच्या जुन्या रस्त्याच्या पातळीत जागोजागी उंबरा तयार झालाय. तिथे आणि अपार्टमेंटच्या बेसमेंटच्या उतारावर गाडी थोडी तिरपी घ्यावी, म्हणजे एका वेळी एकच चाक चढतं-उतरतं.

गतिरोधकावर मात्र तिरपेपणापेक्षा ब्रेकचं तंत्र महत्त्वाचं. बहुतेक जण गतिरोधकाच्या माथ्यापर्यंत ब्रेक दाबून ठेवतात. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि नेमकं तेव्हाच चाक वर चढतं, म्हणून बंपर किंवा इंजिनाखालचं प्लास्टिकचं आवरण घासतं. वेग आधीच पहिल्या गिअरपर्यंत उतरवायचा, चाक टेकायच्या एक हात आधी ब्रेक पूर्ण सोडायचा. नाक वर येतं, पुढची चाकं पार होतात. मग क्लच अर्धवट धरून मागची चाकं हळूच उतरू द्यायची. घासलंच तर थांबून खाली डोकावून बघावं: आवरणाची एखादी क्लिप निसटून ते लोंबत असेल तर हायवेच्या वाऱ्याने फाटतं. दोन प्लास्टिकचे केबल टाय जवळ असले की घरी येईपर्यंत भागतं.

जड बॅगा डिकीच्या दाराशी नव्हे, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून तळाशी ठेवाव्यात. आणि स्टिअरिंगच्या उजव्या हाताखाली हेडलाइटची पातळी ठरवणारं छोटं चाक असतं, शून्य ते तीन आकड्यांचं. गाडी भरलेली असेल तर ते दोन किंवा तीनवर आणावं. एरवी मागचा भाग बसल्यामुळे तुमचा लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ज्या गाड्यांमध्ये हे आपोआप होतं त्यांना हे चाक नसतं.

आता रस्ता. नागपूर ते चिखलदरा साधारण २३० किलोमीटर, थांबे धरून साडेपाच तास. वाडीच्या ट्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत, सहाच्या सुमारास शहराबाहेर पडावं. गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, तिवसा, गुरुकुंज मोझरी, नांदगाव पेठ असा चौपदरी रस्ता आहे, त्यात अवघड काही नाही. जपायचं ते दुभाजकातल्या कटांपाशी: उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि एकदम आडवा वळणारा ट्रॅक्टर. कापसाच्या आणि संत्र्यांच्या हंगामात संध्याकाळनंतर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या डाव्या लेनमध्ये असतात. म्हणून परतीचा हा टप्पा उजेडातच संपवावा. रस्त्याकडेला संत्री घ्यायची तर परतताना घ्या. एका भरलेल्या क्रेटचं वजन सहज वीस किलोवर जातं, ते घेऊन घाट चढवण्यात अर्थ नाही.

अमरावतीहून वलगाव, आसेगावमार्गे परतवाडा. इथून पुढे रस्ता अरुंद होतो आणि समोरून एसटी आली की एक बाजू साइडपट्टीवर उतरवावी लागते. डांबराची कड आणि मुरूम यात खोल फरक असेल तर वेग अगदी कमी करूनच चाक उतरवा, टायरची बाजूची भिंत अशाच कडेला कापली जाते आणि त्या कापाला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. परतवाड्यात टाकी भरून घ्यावी, खाणंही इथेच उरकावं. धामणगाव गढी सोडलं की घाट लागतो.

चढताना दुसरा-तिसरा गिअर, काटा अडीच ते साडेतीन हजारांत. वळणात शिरण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, वळणाच्या मध्यात नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असा नियम आहे, उतरताना तो लक्षात ठेवा. चढावर थांबावं लागलं तर क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक असेल तर ॲक्सिलरेटरच्या टेकूवर उभं राहणं त्याहून वाईट, आतले क्लच तापून इशारा येतो आणि गाडी थंड होईपर्यंत बाजूला उभं राहावं लागतं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचतं हा जुना समज आहे. आजच्या इंजिनांमध्ये गिअरात असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सीव्हीटी (पायऱ्यांविना चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर लिव्हर एल किंवा एसवर, नाहीतर पॅडल शिफ्टर, म्हणजे स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या. जळक्या रबरासारखा उग्र वास आला आणि ब्रेकचं पॅडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं तर ब्रेक तापलेत. रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबावं. चाकांवर पाणी मात्र ओतू नये, तापलेली डिस्क वाकडी होते आणि नंतर ब्रेक दाबताना पाय थरथरतो.

पावसाळ्यात १,११८ मीटर उंचीवरचं हे गाव ढगातच असतं. धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीम आणि फॉग लॅम्पच ठेवा. चालत्या गाडीत हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, तुम्ही वळणार की थांबला आहात ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी चालू, हवा बाहेरची आणि झोत काचेवर. आत हवा फिरवणारं बटण बंद हवं. वर वानरं बरीच आहेत, खिडकीची फट ठेवून जाऊ नये आणि खाण्याची पिशवी सीटवर दिसेल अशी ठेवू नये.

ही फेरी आणि शहरातलं चालणं मिळून हजाराचा टप्पा गाठता येतो, मग पहिलं सर्व्हिसिंग. त्यात ऑइलची पातळी, खालच्या बाजूची पाहणी, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासणं एवढं आपल्यासमोर करून घ्यावं. पुस्तिकेत लिहिलेलं नसेल तर ऑइल बदलायचा हट्ट नको. इंजिन कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन असल्या पुरवण्या हजार किलोमीटरच्या गाडीला लागत नाहीत, सरळ नाही म्हणावं. केबिन फिल्टर मात्र नागपूरच्या धुळीत पुस्तिकेतल्या आकड्याच्या आधीच भरतो. पाच हजारांवर तो काढून झटकून बघा, उन्हाळ्यात एसी कमी गार करण्याचं पहिलं कारण बहुधा तोच असतो.

मग शिर्डी. शिवमडक्याहून समृद्धीवर चढायचं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुले झाले. कारसाठी टोल १ एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, म्हणजे शिर्डीपर्यंत एका बाजूचे साधारण १,०७० रुपये. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याची रक्कम घरूनच भरून निघावं. नकाशात एक काळजी: या रस्त्यावरचं कारंजा म्हणजे कारंजा लाड, अमरावती रोडवरचं कारंजा घाडगे वेगळं. थांबा ठरवताना दोन्हींची गल्लत होते.

सपाटीवर कारला मर्यादा १२० ची आहे, तरी भरलेली सेडान १०० वर ठेवावी असं माझं ठाम मत आहे. हिशेब करून बघा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० वरून १२० ला तो जवळपास दीडपट होतो. पाच माणसं आणि एसीसह दीड लिटरची पेट्रोल गाडी १०० वर लिटरला साधारण साडेसोळा देत असेल तर १२० वर साडेतेराच्या आसपास येते. ५२० किलोमीटरला एकीकडे साडेएकतीस लिटर, दुसरीकडे साडेअडतीस. टाकी ४० ते ४५ लिटरची. म्हणजे पहिल्या वेगाने टाकी पुरून उरते आणि दुसऱ्या वेगाने शिर्डीच्या आधी दिवा लागू शकतो. वाचतात किती, तर कागदावर ५२ मिनिटं, त्यातली काही मधे पेट्रोल भरण्यात जातात.

टायरसाठी तर हे अधिकच खरं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा विदर्भात रुजलेला सल्ला पूर्ण चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यानेच टायर आतून तापतो आणि फुटतो. सकाळी ३३ भरलेली हवा दुपारी धावत्या टायरमध्ये ३७-३८ दिसेल. तापमान पाच-सहा अंश वाढलं की एक पीएसआय चढतो, कंपनीने हे गृहीत धरलेलं असतं. गरम टायरमधून हवा काढू नका. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, त्याच्या भरवशावर दर आठवड्याची तपासणी चुकवू नये.

सरळ काँक्रीटचा रस्ता, ना गाव ना वळण, त्यामुळे डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. दर दीड तासाने पंपावर उतरून दहा मिनिटं पायी फिरावं, तहान नसली तरी. पहाटे निघालात तर सूर्य पाठीशी राहतो. परतीला शिर्डीहून दुपारी निघालात तर तेव्हाही पाठीशीच. पण मग शेवटचा टप्पा अंधारात येतो, म्हणून एक मुक्काम ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणं बरं, समोरच्या उन्हासाठी गॉगल आणि आतून स्वच्छ पुसलेली काच पुरते. एक्झिट चुकली तर पुढच्या एक्झिटपर्यंत जायचं, रिव्हर्स हा विचारसुद्धा मनात आणू नये. गाडी बंद पडलीच तर सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभं राहावं, त्रिकोण किमान शंभर पावलं मागे ठेवावा आणि ११२ ला फोन लावावा. गाडीत बसून वाट बघणं सर्वांत धोक्याचं.

घरी आल्यावर त्याच दिवशी बंपर आणि काचेवरचे किडे ओल्या फडक्याने भिजवून काढावेत, उन्हात वाळले की रंगावर डाग धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवा पुन्हा बघायची. तीन चाकं सारखी आणि एकात तीन-चार पीएसआय कमी असतील तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघा, मग नक्षीतून बोट फिरवून खिळा शोधा. तो नक्षीत असेल तर प्लग चालतो. बाजूच्या भिंतीत असेल, किंवा तिथे फुगा दिसत असेल, तर टायर नवाच घ्यावा लागतो.