इव्हो ५ आणि ६: मोह कशाचा आणि घेताना काय बघायचं

मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशनचं, म्हणजे इव्होचं, कौतुक सुरू झालं की लोक लगेच २८० पीएसवर (इंजिनाच्या ताकदीवर) येतात. तो आकडा त्या काळात जपानमधल्या बऱ्याच गाड्यांच्या पत्रकावर सापडायचा, कारण तिथल्या कंपन्यांनी आपसात ठरवून तीच मर्यादा पाळली होती. इव्होचा खरा मोह नियमपुस्तिकेत आहे. रॅलीच्या ग्रुप ए वर्गात उतरायचं तर तशाच २५०० गाड्या ग्राहकांसाठी बनवाव्या लागत. १९९७ पासून जास्त मोकळीक देणारा वर्ल्ड रॅली कारचा नियम आला, तरी मित्सुबिशी २००१ पर्यंत ग्रुप एलाच चिकटून राहिली. म्हणजे मित्सुबिशीचा रॅली ड्रायव्हर टॉमी माकिनेनच्या गाडीला एखादी गोष्ट हवी असेल, तर ती आधी शोरूममधल्या गाडीत बसवणं भाग होतं. माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक रॅली विजेतेपदं मिळवली, त्या गाड्यांची हाडं ग्राहकाच्या गाडीत उतरली ती अशी.

आपल्याकडे १९९८ पासून हिंदुस्तान मोटर्सने तामिळनाडूत तिरुवल्लूरला बनवलेली लॅन्सर याच पिढीची. दारं, काचा, छप्पर ओळखीचं वाटतं ते त्यामुळेच. फरक कळतो तो चाकांपाशी. इव्हो ४ ची रुंदी १६९० मिमी होती, जानेवारी १९९८ च्या इव्हो ५ ची १७७० झाली. या ८ सेंटीमीटरमध्ये रुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर), २२५/४५-१७ टायर आणि ब्रेंबोचे ब्रेक बसले, पुढे चार पिस्टनचे आणि मागे दोन. बॉनेट आणि पुढचे मडगार्ड अ‍ॅल्युमिनियमचे. वर्षभराने इव्हो ६ आली तेव्हा फॉग लॅम्प लहान करून कोपऱ्यात ढकलले आणि नंबरप्लेट एका बाजूला सरकवली. दिसायला विचित्र, पण त्यामुळे इंटरकूलर आणि ऑइल कूलरला हवा मोकळी मिळते. शोभेसाठी केलेला बदल या गाडीत शोधूनही फारसा सापडत नाही. माझ्या मते सगळ्या इव्होंमध्ये ५ आणि ६ या जोडीला तोड नाही. इव्हो ७ पासून गाडी मोठी, जड होत गेली.

आता इंजिन. ४जी६३, ८५ मिमी बोअर, ८८ मिमी स्ट्रोक, १९९७ सीसी, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. दणकट आहे, पण त्याचा जीव दोन रबरी पट्ट्यांवर टांगलेला असतो. मोठा टायमिंग बेल्ट सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आड बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) एक छोटा बेल्ट असतो, आणि घात बहुधा तो करतो. तो तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टखाली अडकतात, टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून ‘टायमिंग बेल्ट बदलला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. बिलात दोन्ही बेल्ट, दोन्हींचे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारे), आयडलर पुली, हायड्रॉलिक टेन्शनर, पुढची ऑइल सील आणि वॉटर पंप दिसला पाहिजे. वॉटर पंप या बेल्टवर चालत नाही, पण तो याच कव्हरच्या आड बसतो. तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडणं परवडत नाही.

हे काम करणाऱ्याने दोन ठिकाणी घाई करायची नाही. पहिलं ठिकाण ऑइल पंपाची दातेरी पुली. तिच्यावरची खूण जुळली, तरी मागचा बॅलन्स शाफ्ट अर्धा फेरा चुकलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून ८ मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर आत घालायचा. तो ६० मिमी किंवा जास्त आत गेला तर शाफ्ट बरोबर आहे. २०–२५ मिमीवर अडला तर पुली एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा बघायचं. ही तपासणी वगळली की इंजिन चालू होतं, ओढतंही, पण कायम थरथरत राहतं, आणि मग लोक उगीच माउंटिंग बदलत बसतात.

दुसरं ठिकाण हायड्रॉलिक टेन्शनर. त्याचा दांडा व्हाइसमध्ये अगदी सावकाश दाबून पिन घालायची. जोर केला तर आतलं सील जातं. बेल्ट बसवून झाल्यावर क्रँक दोन फेरे हाताने फिरवायचा, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग दांडा किती बाहेर आहे ते मोजायचं. माप ३.८ ते ४.५ मिमीच्या आत हवं. बॅलन्स शाफ्ट काढून टाकायचे किट मिळतात. ट्रॅकच्या गाडीला ते ठीक. रस्त्यावरच्या गाडीत शाफ्ट ठेवावेत आणि बेल्ट वेळेवर बदलावा.

गाडी बघायला गेल्यावर इंजिन आयडलवर ठेवून कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि क्रँक पुलीकडे नजर ठेवा. पुली आतबाहेर सरकताना डोळ्याला दिसली तर क्रँकला आतबाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलं आहे, तिथून निघून यावं. मग कॉइल उचलून प्लगच्या विहिरींत डोकवा. तेल साचलेलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरची सील गेली आहेत. दुरुस्ती स्वस्त, पण मिसफायरचं कारण हमखास हेच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं हीट शील्ड काढू देत असतील तर जरूर काढा, ओतीव मॅनिफोल्डला तडे जातात. ब्रिटनमध्ये राहिलेल्या गाडीला मागच्या सस्पेन्शनचे टरेट (सस्पेन्शन वर जिथे बसतं ते भाग) आणि चासीचे रेल गंजतात, कारण हिवाळ्यात तिथे रस्त्यावर मीठ टाकतात. अंडरसीलचा ताजा काळा थर दिसला तर शंका घ्या.

जीएसआर मॉडेलच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचात) एवायसी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह यॉ कंट्रोल, असतं. जास्तीचा एक गिअरसंच आणि दोन हायड्रॉलिक क्लच मिळून वळणात बाहेरच्या चाकाला जास्त टॉर्क देतात, त्यामुळे गाडी वळणात आतल्या बाजूला खेचली जाते. चालतं तेव्हा अफलातून. पंप गेला की खर्च मोठा. इग्निशन दिल्यावर एवायसीचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. ही कटकट नको असेल तर आरएस मॉडेल बघा: एवायसी नाही, मागे साधा प्लेटचा एलएसडी (एकच चाक फुकट फिरू न देणारा डिफरन्शियल), आणि १३६० ऐवजी १२६० किलो वजन. मात्र आरामाच्या अनेक गोष्टी त्यात नाहीत.

घेतल्यावर आठवड्याभरात सगळी तेलं बदला. ट्रान्सफर बॉक्सचं (मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या गिअरपेटीचं) तेल वेगळं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. एवायसीमध्येही दोन निराळी तेलं: गिअरचं वेगळं, हायड्रॉलिकचं वेगळं, आणि हायड्रॉलिक बदलल्यावर त्यातली हवा काढावीच लागते. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलच्या व्हिस्कस कपलिंगवर (घट्ट द्रवाने चालणाऱ्या जोडावर) सतत ताण येतो. इंजिन ऑइल दर ५००० किमीला.