काळ्या मातीतली उष्णता आणि फूरिये
यवतमाळकडच्या काळ्या रानात मे महिन्याच्या दुपारी वरची ढेकळे हाताला चटका देतात, पण भेगेत हातभर खाली माती दिवसरात्र जवळपास सारखीच लागते. याचे उत्तर उष्णतेच्या आंशिक अवकल समीकरणात, म्हणजे तापमान जागेनुसार आणि वेळेनुसार कसे बदलते हे सांगणाऱ्या समीकरणात आहे. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी १८०७ मध्ये मांडले, की तापमानाचा चढउतार साइन-कोसाइन तरंगांत, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या साध्या लाटांत, विभागता येतो. मग प्रत्येक तरंगापुरते समीकरण सोपे होते आणि तरंग जितका जलद, तितका तो उथळ थरातच विरतो. तरंग पोहोचतो ती खोली त्याच्या आवर्तकाळाच्या (एक चढउतार पूर्ण व्हायला लागणाऱ्या वेळेच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने वार्षिक तरंग दैनिक तरंगापेक्षा सुमारे १९ पट खोल जातो. मला सर्वांत सुंदर वाटते ते वार्षिक तरंगाचे मागे पडणे: जिथे तो सहा महिने उशिरा पोहोचतो, तिथे वरच्या हिवाळ्यात खाली उन्हाळा असतो, मात्र त्याचा आयाम (चढउताराचा आवाका) पृष्ठभागावरच्या आयामाच्या सुमारे ४ टक्केच उरलेला असतो.