पट मांडायला जागा

"काका, इथे बैठे खेळ चालत नाहीत. वरून ऑर्डर आहे."

बागेतला वॉचमन, हातात शिट्टी. बाकावर बुद्धिबळाचा रेक्झिनचा पट, आम्ही दोघं आणि एक आजोबा फुकटचे सल्लागार. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, आरडाओरडा तर नाहीच.

मी वाद घालणार, तेवढ्यात त्याचं लक्ष पटाकडे गेलं. हळूच म्हणाला, "पण आधी तो घोडा वाचवा."

घोडा खरंच जात होता. आजोबांनाही दिसला नव्हता!

म्हणजे खेळ येतो त्याला, चांगला येतो. आणि हाकलायची ड्युटीही त्याचीच.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले. पोरांना क्लास लावायचा तर सोय आहे. पण फी न भरता, रेटिंग न विचारता, अनोळखी माणसाशी एक डाव टाकायचा तर जायचं कुठे?

कोलकात्यात गरियाहाटच्या उड्डाणपुलाखाली लोक वर्षानुवर्षं पट मांडून बसतात. उड्डाणपूल आपल्याकडे काय कमी आहेत? खाली गाड्या लावतो आपण.

बागांमध्ये ओपन जिम आली, छान झालं. तिच्या शेजारी सिमेंटची दोन टेबलं आणि वर रंगवलेली ६४ घरं, बस्स. सोंगट्या घरून आणू.

पुण्यात उघड्यावर निवांत खेळता येईल अशी जागा कुणाला माहीत आहे का? वॉचमनलाही घेऊन येईन म्हणतो, सुट्टीच्या दिवशी.